व्हॉट्सॲप विकलं, पैसा सिग्नलमध्ये घातला: ब्रायन ॲक्टन यांची पूर्ण गोष्ट

व्हॉट्सॲप उघडलं की क्षणभर खाली "फ्रॉम मेटा" अशी बारीक अक्षरं दिसतात. पण हे ॲप मेटाने, म्हणजे पूर्वीच्या फेसबुकने, बनवलेलं नाही. त्यांनी ते विकत घेतलेलं आहे. बनवलं दोघांनी: जॅन कूम आणि ब्रायन ॲक्टन. त्यातले ॲक्टन विक्रीनंतर तीन वर्षांनी फेसबुकमधून बाहेर पडले. जाताना सुमारे ८५ कोटी डॉलरचे शेअर्स मिळायचे बाकी होते, ते सोडून गेले. आणि मग स्वतःचे कोट्यवधी डॉलर त्यांनी सिग्नल या ॲपमागे लावले, जे व्हॉट्सॲपच्याच कामाचं आहे.

टेक कंपनी काढायची, अब्जाधीश व्हायचं आणि मग दानधर्माकडे वळायचं, ही वाट आता आपल्या ओळखीची झाली आहे. बिल गेट्स लसी आणि आरोग्याकडे गेले, विप्रोचे अझीम प्रेमजी सरकारी शाळांच्या शिक्षणाकडे. म्हणजे पैसा कॉम्प्युटरमधून आला आणि दुसऱ्याच क्षेत्रात गेला. ॲक्टन यांचं वेगळं आहे. त्यांच्या देणगीतला सगळ्यात गाजलेला भाग त्याच क्षेत्रात गेला जिथून पैसा आला होता: मोबाईलवरचे मेसेज. म्हणून मला त्यांची गोष्ट जास्त शिकवणारी वाटते, शिवाय ती रोज आपल्या हातातल्या फोनमध्ये चालू आहे.

याहू, आणि मग दोन नकार

ॲक्टन यांचा जन्म १९७२ चा, अमेरिकेतल्या मिशिगनमधला. १९९४ मध्ये त्यांनी स्टॅनफर्डमधून कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेतली. ॲपल आणि अडोबीमध्ये काम करून १९९६ मध्ये ते याहूत गेले, कंपनीचे ४४ वे कर्मचारी म्हणून. तुमच्यापैकी अनेकांनी याहू वापरलंही नसेल, पण त्या काळी इंटरनेट म्हणजे याहू असा तिचा दबदबा होता. तिथेच त्यांची कूम यांच्याशी ओळख झाली. कूम युक्रेनमधून किशोरवयात आईबरोबर अमेरिकेत आलेले, सरकारी मदतीवर दिवस काढलेले. पुढे तेही याहूत आले.

याहूची कमाई जाहिरातींवर होती आणि ॲक्टन यांनी जाहिरातींच्या यंत्रणेवरही काम केलं. जाहिरातींचा कंटाळा नाही, तिटकाराच तिथे आला असं दिसतं. २००७ मध्ये दोघांनी नोकरी सोडली, दक्षिण अमेरिकेत भटकून आले. २००९ मध्ये ॲक्टन नोकरी शोधत होते. ट्विटरने नाही म्हटलं. काही महिन्यांनी फेसबुकनेही नाही म्हटलं. दोन्ही नकारांबद्दल त्यांनी स्वतःच ट्विट केलं होतं, अगदी खेळीमेळीने. मोटिव्हेशनल रील्समध्ये हा किस्सा फार फिरतो, त्यामुळे इथे लांबवत नाही.

व्हॉट्सॲपचं साधं गणित

फेब्रुवारी २००९ मध्ये कूम यांनी कंपनी नोंदवली. सुरुवातीची कल्पना मेसेजिंगची नव्हतीच. नावाशेजारी "मीटिंगमध्ये आहे", "बॅटरी संपतेय" असं स्टेटस दाखवायचं, एवढंच ॲप होतं. त्याच वर्षी आयफोनवर पुश नोटिफिकेशन आलं, लोक स्टेटस बदलून एकमेकांशी बोलायला लागले, आणि खरी गरज काय आहे ते कळलं. ॲक्टन यांनी याहूच्या पाच जुन्या सहकाऱ्यांकडून अडीच लाख डॉलर उभे केले आणि ते सहसंस्थापक झाले.

पुढचं यश का मिळालं याची बरीच कारणं सांगता येतील, पण दोन मला महत्त्वाची वाटतात. पहिलं, हे ॲप महागड्या फोनपुरतं ठेवलं नाही. ब्लॅकबेरी, नोकियाचे सिम्बियन, अगदी नोकिया एस४० सारख्या बटणांच्या साध्या फोनवरही ते चालायचं. भारतात एसएमएसला पैसे लागत होते आणि सणासुदीला तर पॅकही चालत नसे, अशा दिवसांत फोनमधल्या नंबरवर थेट मेसेज, तोही किरकोळ डेटामध्ये, हे आपल्याकडे वणव्यासारखं पसरलं नसतं तरच नवल.

दुसरं कारण पडद्यामागचं. सर्व्हरसाठी त्यांनी एर्लांग ही भाषा वापरली, जी मुळात टेलिफोन एक्सचेंजसाठी बनली होती. एकाच वेळी प्रचंड कनेक्शन सांभाळणं हे तिचं बलस्थान. २०१२ च्या सुरुवातीला त्यांनी एकाच सर्व्हरवर २० लाख कनेक्शन चालवून दाखवली. यामुळे माणसं कमी लागली, मशीन कमी लागली, खर्च कमी राहिला. आणि खर्च कमी असेल तर जाहिराती न दाखवता टिकता येतं. ॲक्टन यांनी कूमना एका चिठ्ठीवर लिहून दिलं होतं की जाहिराती नाहीत, गेम नाहीत, चमको युक्त्या नाहीत. कूम यांनी ती टेबलाजवळ चिकटवून ठेवली होती. कमाई कशातून? वर्षाला १ डॉलर फी. अनेक देशांत, आपल्याकडेही, ती बऱ्याच जणांना भरावीच लागली नाही, पण कल्पना तीच होती: वापरणाऱ्याने थोडे पैसे द्यावेत, म्हणजे वापरणाऱ्यालाच विकायची वेळ येत नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळं इथेच अडकणार आहे.

१९ अब्ज डॉलर आणि एक कलम

१९ फेब्रुवारी २०१४ ला फेसबुकने व्हॉट्सॲप घेत असल्याचं जाहीर केलं. किंमत १९ अब्ज डॉलर, तेव्हाच्या दराने १ लाख १८ हजार कोटी रुपयांच्या आसपास. रोख, शेअर्स आणि पुढे टप्प्याटप्प्याने मिळणारे शेअर्स असा तो व्यवहार होता. तेव्हा व्हॉट्सॲपचे ४५ कोटी युजर होते आणि कर्मचारी होते फक्त ५५. ज्या कंपनीने पाच वर्षांपूर्वी नोकरी नाकारली, तिनेच ॲक्टन यांना अब्जाधीश केलं.

करारात एक कलम होतं, जे बातम्यांमध्ये फारसं आलं नाही. व्हॉट्सॲपमधून कमाई सुरू करण्याचे बेत संस्थापकांच्या संमतीशिवाय फेसबुकने अमलात आणले, तर दोघांना उरलेले सगळे शेअर्स एकदम मिळायचे. म्हणजे जाहिराती येऊ नयेत यासाठी त्यांनी लावलेलं कुलूप. कुलूप चांगलं होतं, पण किल्ली आता घरमालकाकडे होती आणि घर विकलं गेलं होतं.

पुढच्या दोन वर्षांत एक खरंच मोठं काम झालं. ५ एप्रिल २०१६ ला व्हॉट्सॲपने सगळ्या युजरसाठी एंड-टू-एंड एन्क्रिप्शन पूर्ण केलं. तुमच्या चॅटमध्ये पिवळ्या पट्टीत कुलपाचं चिन्ह दिसतं ते हेच. हे तंत्र व्हॉट्सॲपचं स्वतःचं नाही. ते सिग्नल प्रोटोकॉल आहे, मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि त्यांच्या ओपन व्हिस्पर सिस्टिम्स या छोट्याशा गटाने बनवलेलं आणि कुणालाही वापरायला खुलं. अब्जावधी डॉलरच्या ॲपचं सगळ्यात महत्त्वाचं सुरक्षेचं काम मूठभर लोकांच्या फुकट कोडवर उभं होतं. ॲक्टन आणि मॉक्सी यांची गाठ या कामातून घट्ट झाली.

मेसेज वाचता येत नाहीत, मग अडचण काय?

बऱ्याच वाचकांचा प्रश्न असतो की व्हॉट्सॲपवर एन्क्रिप्शन आहे, मग प्रायव्हसीची एवढी ओरड कशाला? हे नीट समजून घेऊ.

समजा तुम्ही कोल्हापूरहून पुण्याला एक बंद पाकीट कुरिअरने पाठवलं. आतलं पत्र कुरिअरवाला वाचू शकत नाही. पण पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव आहे, घेणाऱ्याचा पत्ता आहे, तारीख आहे, वजन आहे. तुम्ही रोज रात्री त्याच पत्त्यावर पाकीट पाठवत असाल, तर आत काय आहे ते न वाचताही त्याला पुष्कळ कळतं. महिनाभर एखाद्या कॅन्सर हॉस्पिटलच्या पत्त्यावर पाकिटं जात असतील, तर पत्र उघडायची गरजच काय?

पाकिटावरच्या या माहितीला मेटाडेटा म्हणतात. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आतलं पत्र झाकतं. तुमचा फोन नंबर, तुम्ही कुठल्या ग्रुपमध्ये आहात, किती वेळा ॲप वापरता, फोन कोणता आहे, ही माहिती कंपनीकडे राहू शकते. जाहिरातींच्या धंद्यात हीच माहिती सोन्याच्या भावाची असते, कारण एका ॲपमधला नंबर दुसऱ्या ॲपमधल्या प्रोफाइलशी जुळला की माणूस पूर्ण दिसायला लागतो.

ऑगस्ट २०१६ मध्ये नेमकं हेच झालं. व्हॉट्सॲपने अटी बदलल्या आणि युजरचे फोन नंबर व काही माहिती फेसबुकला देण्याची वाट मोकळी केली. गंमत अशी की २०१४ मध्ये खरेदीला मंजुरी मागताना फेसबुकने युरोपियन कमिशनला सांगितलं होतं की दोन्हीकडची खाती आपोआप भरवशाने जोडणं आपल्याला जमणार नाही. मे २०१७ मध्ये कमिशनने दिशाभूल केल्याबद्दल फेसबुकला ११ कोटी युरोचा दंड ठोठावला. त्या वेळी युरोपच्या अधिकाऱ्यांना समजावणाऱ्यांमध्ये ॲक्टन स्वतः होते. तसं बोलण्याची आपल्याकडून तयारी करून घेतली गेली होती, असं त्यांनी नंतर फोर्ब्सला सांगितलं.

८५ कोटी डॉलरवर पाणी

फेसबुकला व्हॉट्सॲपमधून कमाई हवी होती. कंपनीच्या दृष्टीने ते चूक नाही, एवढे पैसे मोजले होते त्यांनी. ॲक्टन यांनी पर्याय सुचवला: काही मेसेज मोफत, नंतर अगदी नगण्य दराने मीटरसारखं बिल. हे मोठ्या प्रमाणावर चालणार नाही, असं उत्तर मिळाल्याचं त्यांनी त्याच मुलाखतीत सांगितलं.

सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. करारातल्या त्या कलमाचा आधार घेऊन त्यांनी उरलेले शेअर्स मागितले. फेसबुकच्या वकिलांचं म्हणणं पडलं की आम्ही अजून कमाई सुरू कुठे केली आहे, फक्त चाचपणी चालली आहे. आणखी साधारण वर्षभर खुर्चीत बसून राहिले असते तरी सगळे शेअर्स मिळाले असते. कोर्टातही जाता आलं असतं. दोन्ही न करता त्यांनी सुमारे ८५ कोटी डॉलरवर पाणी सोडलं. रुपयांत साडेपाच हजार कोटी.

मार्च २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिकाचं प्रकरण पेटलं तेव्हा त्यांनी "डिलीट फेसबुक" हा हॅशटॅग ट्विट केला. फेसबुकच्या एका मोठ्या अधिकाऱ्याने पुढे जाहीरपणे सुनावलं की ज्या कंपनीने तुम्हाला अब्जाधीश केलं तिच्यावर असा हल्ला करणं हीन आहे. हा आरोप मला पूर्ण पोकळ वाटत नाही. ८५ कोटी सोडले हे खरं, पण त्याआधी अब्जावधी हातात आले होते. कंपनी विकली नसती तर हा प्रसंगच आला नसता. ॲक्टन यांनी हे नाकारलेलं नाही. मोठ्या फायद्यासाठी आपण युजरची प्रायव्हसी विकली, ती तडजोड होती आणि तिच्यासह रोज जगावं लागतं, अशा अर्थाचं ते फोर्ब्सशी बोलले. एखादा अब्जाधीश इतकं स्पष्ट बोलतो, हे क्वचितच होतं.

सिग्नल फाउंडेशन: देणगी, की कर्ज?

फेब्रुवारी २०१८ मध्ये ॲक्टन आणि मॉक्सी यांनी सिग्नल फाउंडेशन जाहीर केलं. ॲक्टन यांचे सुरुवातीचे पैसे ५ कोटी डॉलर. तोपर्यंत सिग्नल कसं चालत होतं ते ऐकलं तर आश्चर्य वाटेल. सरासरी दोन-सव्वादोन पूर्णवेळ डेव्हलपर, आणि पूर्ण टीम कधीच सातच्या वर नाही. अनुदानं आणि देणग्या मिळतील तसं काम. जगभरातले पत्रकार, वकील, कार्यकर्ते ज्या ॲपवर जीव टांगून होते, त्याची ही अवस्था.

आता बारकावा बघा. बातम्यांमध्ये सरसकट "दान" असा शब्द आला. संस्थेच्या कराच्या कागदपत्रांत मात्र हे पैसे कर्ज म्हणून दिसतात. २०१८ च्या अखेरीस ॲक्टन यांचं कर्ज १० कोटी ५० लाख डॉलरवर गेलं होतं. व्याज शून्य, तारण काही नाही, परतफेडीची तारीख २८ फेब्रुवारी २०६८. पन्नास वर्षांची मुदत. तेव्हा ॲक्टन ९६ वर्षांचे असतील! नावाला कर्ज असलं तरी रोजच्या कामापुरतं ते देणगीसारखंच वागतं: हप्ता नाही, व्याज नाही, तगादा नाही. पण हिशेबाच्या वहीत देणं म्हणून ते उभं आहे, हेही खरं. कुणी श्रीमंत माणसाने अमुक इतके कोटी दिले अशी बातमी वाचली, की पैसे कुठल्या स्वरूपात दिले हा प्रश्न विचारायची सवय मला या प्रकरणामुळे लागली.

माझ्या मते पैशाइतकीच, कदाचित जास्तच, महत्त्वाची गोष्ट आहे संस्थेची रचना. सिग्नल फाउंडेशन अमेरिकेच्या कायद्यात ५०१(सी)(३) प्रकारची ना-नफा संस्था आहे. आपल्याकडे धर्मादाय ट्रस्ट किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनी असते, साधारण त्या जातकुळीची. ॲप चालवणारी कंपनी पूर्णपणे या फाउंडेशनच्या मालकीची आहे. फाउंडेशनला भागधारक नाहीत. नफा वाटून घ्यायला कुणी नाही. त्यामुळे उद्या कुणी १९ अब्ज डॉलरचा चेक घेऊन आलं, तरी तो खिशात घालणारा मालकच जागेवर नाही.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. व्हॉट्सॲपच्या वेळी चिठ्ठी होती, शब्द होता, करारातलं कलमही होतं. मालकी बदलली आणि हळूहळू सगळं सैल झालं. या वेळी त्यांनी भरवसा माणसावर न ठेवता मालकीच्या रचनेवर ठेवला. अर्थात ना-नफा म्हटलं की सगळं कायमचं सुरक्षित झालं, असंही समजू नका. चॅटजीपीटीवाली ओपनएआय २०१५ मध्ये ना-नफा म्हणूनच सुरू झाली, २०१९ मध्ये तिने कमाईची शाखा काढली आणि पुढचा गोंधळ आपण पाहतोच आहोत.

रचनेचा परिणाम तंत्रज्ञानातही दिसतो. जाहिराती विकायच्या नसतील तर पाकिटावरची माहिती साठवायची गरजच उरत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका तपासासाठी दोन नंबरांची माहिती सिग्नलच्या टीमकडे मागितली गेली. त्यांच्याकडे सांगण्यासारखं निघालं एवढंच: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कनेक्ट कधी झालं. पुढे २०१८ मध्ये त्यांनी "सील्ड सेंडर" आणलं, ज्यात मेसेज कुणी पाठवला ते पाकिटाच्या आतच बंद होतं. म्हणजे आपल्या कुरिअरवाल्याला फक्त पोचवायचा पत्ता दिसतो.

फुकट ॲपला किती खर्च येतो?

नोव्हेंबर २०२३ मध्ये सिग्नलने आपला हिशेब मांडला. मोफत ॲप वापरणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा वाचावा असा आहे. सर्व्हर, स्टोरेज, बँडविड्थ वगैरेचा वर्षाचा खर्च सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर. त्यात सगळ्यात मोठा आकडा कशाचा असेल? सर्व्हरचा नाही. नवीन खातं उघडताना जो ओटीपी येतो, त्या एसएमएस आणि कॉलचा: साधारण ६० लाख डॉलर. आपण सहज दोनदा "रिसेंड" दाबतो, त्याचेही पैसे कुणीतरी भरत असतं. सर्व्हरला २९ लाख, बँडविड्थला २८ लाख. ऑडिओ-व्हिडिओ कॉलमधून वर्षाला २० पेटाबाइट, म्हणजे २ कोटी जीबी डेटा वाहतो. माणसांवरचा खर्च वेगळा, सुमारे ५० कर्मचाऱ्यांसाठी १ कोटी ९० लाख डॉलर. २०२५ पर्यंत एकूण खर्च वर्षाला ५ कोटी डॉलरच्या आसपास जाईल असा त्यांचा अंदाज होता.

आता ॲक्टन यांच्या कर्जाचा आकडा आठवा, १० कोटी ५० लाख. त्या वेगाने दोन वर्षं पुरेल एवढाच. एका श्रीमंत माणसाच्या खिशावर असं ॲप कायम चालू शकत नाही, आणि चालवूही नये. उद्या त्याचं मन बदललं तर? म्हणून सिग्नल सामान्य युजरकडून छोट्या देणग्या मागतं. सप्टेंबर २०२२ पासून मेरेडिथ व्हिटेकर फाउंडेशनच्या अध्यक्ष आहेत. त्याआधी मॉक्सी बाजूला झाल्यावर काही महिने ॲक्टन यांनीच हंगामी सीईओ म्हणून काम पाहिलं.

बाकीचा दानधर्म

ॲक्टन आणि त्यांच्या पत्नी टेगन यांनी २०१४ मध्येच सनलाइट गिव्हिंग ही संस्था सुरू केली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात पाच वर्षांपर्यंतची मुलं असलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना अन्न, घर, आरोग्य यासाठी मदत करणाऱ्या संस्थांना ती पैसा देते. २०१९ मध्ये दोघांनी गिव्हिंग प्लेज घेतली, म्हणजे संपत्तीतला निम्म्याहून जास्त भाग दान करण्याचा जाहीर शब्द. हा शब्द नैतिक आहे, कायद्याने बांधणारा नाही. या कामाच्या बातम्या फार होत नाहीत, कारण त्यात फेसबुकशी भांडण नाही.

आपल्या फोनपुरतं

जानेवारी २०२१ आठवतो? व्हॉट्सॲपने नव्या अटी मान्य करा असा मेसेज दाखवला, इलॉन मस्क यांनी सिग्नल वापरा असं ट्विट केलं, आणि भारतासह अनेक देशांत सिग्नल डाउनलोडच्या यादीत पहिलं गेलं. १५ जानेवारीला तर एवढी गर्दी झाली की सिग्नलच बंद पडलं. मग बरेच जण परत आले. कारण सोपं आहे: सोसायटीचा ग्रुप, कॉलेजचा ग्रुप, गॅसवाला, मामा-मावशी सगळे व्हॉट्सॲपवर. एकट्याने घर बदलता येतं, गाव बदलता येत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये याच अटींवरून मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला तेव्हा मुद्दा हाच होता की युजरला खरा पर्यायच ठेवला नव्हता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. आणि जून २०२५ मध्ये मेटाने व्हॉट्सॲपच्या अपडेट्स टॅबमध्ये जाहिराती आणत असल्याचं जाहीर केलं. खासगी चॅटमध्ये त्या नाहीत, पण चिठ्ठीतला पहिला शब्द मात्र गेला.

माझ्या फोनमध्ये दोन्ही ॲप आहेत. सगळं सोडून सिग्नलवर या असं मी सांगणार नाही. घरच्यांशी, जवळच्या मित्रांशी, डॉक्टर-वकिलाशी होणारं बोलणं तिकडे नेता येतं, आणि तेवढं नेणं अवघड नाही. फेब्रुवारी २०२४ पासून सिग्नलवर युजरनेम ठेवता येतं, त्यामुळे समोरच्याला फोन नंबर न देता बोलता येतं. खातं उघडायला मात्र नंबर लागतोच. व्हॉट्सॲपच वापरणार असाल तर सेटिंग्जमध्ये चॅट बॅकअपला जाऊन एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप चालू आहे का बघा. तो तुम्हाला स्वतः चालू करावा लागतो, आणि नसेल तर क्लाउडवरची प्रत या कुलपाबाहेर राहते. आणि कुठलंही ॲप असो, ग्रुपमध्ये कोण आहे हे एन्क्रिप्शन तपासत नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या बड्या मंत्र्या-अधिकाऱ्यांच्या सिग्नल ग्रुपमध्ये चुकून एक पत्रकार ॲड झाला आणि हल्ल्याचा बेत त्याने आरामात वाचला. कुलूप शाबूत होतं, दार आतून उघडलं होतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये सिग्नलने पहिल्यांदाच पैसे घेऊन एक सोय दिली: सुरक्षित बॅकअप. मेसेज आणि मागच्या ४५ दिवसांचे फोटो-व्हिडिओ फुकट, त्याहून जुने ठेवायचे तर महिन्याला १.९९ डॉलर. फोटो-व्हिडिओ साठवायला खरोखर पैसे लागतात, ते तुमचा डेटा विकून काढायचे नसतील तर तुमच्याकडूनच घ्यावे लागतील, असं कारण त्यांनी दिलं. वर्षाला १ डॉलर घेऊ पाहणाऱ्या जुन्या व्हॉट्सॲपचं गणितही हेच होतं.